दिराशी लग्न केलंस तरच सन्मान

माणगावला तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पेणच्या रामवाडीहून दक्षिणेकडे निघालेली एसटी वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर करत माणगावात शिरते. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बऱ्याच मैत्रिणींनी तो पुतळा कधी ना कधी पाहिला असेल. सातबाऱ्यासाठी, रेशनकार्डासाठी, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या बाया तिथूनच ये-जा करतात. त्यांतल्या कितीतरी विधवा असतात. पुतळ्यातला माणूससुद्धा एक विधवा मागे ठेवून गेला, ही गोष्ट मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही.

घाडगे पळसगावचे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. हा बावीस वर्षांचा मुलगा एकटा पुढे धावला. त्यानं हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगननं एकाला मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी संपवलं. मग लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तो तिथंच पडला. नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र छापून आलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. घरी बायको आहे, हे नाही. मानपत्रात तसं काही नसतंच.

ती पुढच्या प्रसंगात येते. दिल्लीच्या समारंभात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल तिच्या हाती पदक देतात. नवराच बावीसचा, तेव्हा तिचं वय काय असणार! पराक्रमाच्या गोष्टीत तिचं काम तिथं संपतं. नवऱ्याची कबरसुद्धा नाही. ज्यांची कबर माहीत नाही अशांची नावं इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्याचं नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्याला दिलेलं आहे. चांगलंच आहे. दोन देशांनी मिळून एका कोकणी पोराची आठवण ठेवली. पण आठवण ठेवण्याच्या या सगळ्या खटाटोपात बाईचा नंबर कुठं लागतो, हे विचारायला नको का?

माझं म्हणणं सरळ आहे. लढाईत मेलेल्या सैनिकाबद्दल सरकार आणि समाज जे देतं, ते त्याच्या बायकोला एक माणूस म्हणून, त्याची वारस म्हणून दिलेलं नसतं. तिनं त्याच्या नावाला धरून बसावं, या बोलीवर दिलेलं असतं. ती बोली कधी कायद्यात लिहिलेली असते, कधी गावाच्या नजरेत असते. आधी कायद्यातली बघू.

घाडगे गेले तेव्हा १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा लागू होता. शाळेच्या पुस्तकात या कायद्याचं मोठं कौतुक असतं आणि ते काही अंशी रास्तही आहे. पण त्याचं दुसरं कलम पुस्तकात छापत नाहीत. दुसरं लग्न करणाऱ्या विधवेचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क, ती त्या वेळी मेली असं धरून संपेल, असं ते कलम सांगत होतं. मेली असं धरून! लग्न करायला परवानगी, पण नवऱ्याच्या घरासाठी तू मेलीस. त्यातही गंमत अशी की हा कायदा झाला तो ज्या जातींत विधवेचं लग्न निषिद्ध होतं त्यांच्यासाठी. कुणबी आणि इतर कष्टकरी जातींत पाट आधीपासून लागतच होता. तरी मुंबई उच्च न्यायालयानं त्या जातींतल्या बायांनाही हे दुसरं कलम लावलं. म्हणजे ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांना त्यातली शिक्षा तेवढी मिळाली. हा कायदा रद्द झाला १९८३ मध्ये. स्वातंत्र्य मिळून ३६ वर्षं झाली होती.

तरी सासऱ्याच्या जमिनीचा प्रश्न उरलाच. हिंदू वारसा कायद्याचं २४ वं कलम म्हणत होतं की आधी मेलेल्या मुलाच्या विधवेनं सासऱ्याच्या मरणाआधी दुसरं लग्न केलं असेल, तर विधवा सून म्हणून तिला सासऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाही. तरुण सैनिकाच्या बायकोची परिस्थिती नेमकी हीच असते. नवरा पंचविशीत मेलेला, सासरा जिवंत, जमीन सासऱ्याच्या नावावर. हे कलम काढून टाकायला २००५ साल उजाडलं.

आता लष्कराचं बघा. १९६१ च्या पेन्शन नियमांत विधवेनं दुसरं लग्न केलं की तिची विशेष कुटुंब पेन्शन बंद होत असे. अपवाद एकच. तिनं मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं आणि त्याच कुटुंबात राहून बाकीच्या वारसांना सांभाळलं, तर पेन्शन चालू. शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या मासिक भत्त्यालाही हीच अट होती. परमवीर चक्र असो की वीर चक्र, नवऱ्याच्या शौर्याचा भत्ता विधवेला तिच्या मरणापर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, आणि दिराशी पुनर्विवाह केला तर पुढेही. लढाईत मेलेल्यांच्या विधवांची पेन्शन पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९६ पासून, पुनर्विवाहानंतरही चालू राहण्याची सोय झाली. मुलं असली तर त्यांना तिनं सांभाळायचं, एवढी अट राहिली. भत्त्याची दिराची अट मात्र तशीच होती. संरक्षण मंत्रालयानं ती काढली १६ नोव्हेंबर २०१७ च्या आदेशानं. परत वाचा, मैत्रिणींनो, २०१७! तोवर भारत सरकार एका तरुण बाईला लेखी सांगत होतं की तुझ्या नवऱ्याच्या शौर्याचा मान तुला हवा असेल, तर एक तर जन्मभर एकटी राहा, नाही तर त्याच घरातल्या दुसऱ्या पुरुषाची हो.

हा दीर नियमात आला कुठून? आपल्या कोकणातून नव्हे. आपल्याकडे मोठा दीर बापासारखा मानतात, त्याच्याशी लग्न ही शरमेची गोष्ट. कुणब्यांत पाट लागायचा, आणि घराण्याचं कूळ वर न्यायचं ठरलं की पहिला बंद व्हायचा तो पाटच. दिराची रीत पंजाब-हरियाणाकडची. तिला करेवा म्हणतात. प्रेम चौधरी यांनी हरियाणातल्या शेतकरी स्त्रियांच्या अभ्यासात दाखवलं आहे की इंग्रज सरकारनं या रीतीला मुद्दाम बळ दिलं. विधवेच्या वाट्याची जमीन घराबाहेर जाऊ नये आणि जिथून पलटणीत पोरं भरती होतात ती शेतकरी घरं टिकून राहावीत, हे त्यामागचं गणित. म्हणजे भरतीच्या सोयीसाठी धरलेली एका मुलखातली रीत पुढे स्वतंत्र देशाच्या नियमात जाऊन बसली आणि पळसगावपासून कन्याकुमारीपर्यंतच्या बायांना लागू झाली. तिची चीड कुणाला आली नाही, कारण खाली पाहिलं तर प्रत्येक गावात त्या अटीची स्वतःची आवृत्ती होतीच.

ती आवृत्ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. गावात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते. मंत्री येतात, आमदार येतात, शाळेची पोरं ओळीनं उभी राहतात, बंदुकीच्या फैरी झडतात. त्याच घरात, त्याच दिवशी किंवा दहाव्याला, चार बायका तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात. अंगणात सन्मान आणि माजघरात विटंबना. ज्याला आपण धारातीर्थी पडला म्हणतो, त्याच्या बायकोला पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. १५ ऑगस्टला मात्र तिला पहिल्या रांगेत खुर्ची, शाल आणि नारळ. तो शालीचा रंगही जरा बघून घ्या कधीतरी.

आणि नाव काय देतात? वीरपत्नी. लष्कराच्या भाषेत वीरनारी. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांना गंगा भागीरथी म्हणावं असा प्रस्ताव पुढे केला होता, टीका झाली तेव्हा तो मागे पडला. विधवा शब्द बोचतो म्हणून गं. भा. म्हणायचं! बोचतं ते शब्दानं नव्हे. शब्द कितीही सोवळा शोधलात तरी त्याचा अर्थ एकच निघतो, की ही अमक्याची होती. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी आपण शहीद हा शब्द इतका सढळ हातानं वापरतो, त्याच्यासाठी सरकारी कागदावर तो शब्दच नाही. संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला तसं सांगितलं. कागदावर असते ती युद्धातली जीवितहानी. माणसाची नोंद हानी म्हणून, बाईची नोंद त्या हानीची बायको म्हणून.

आता पैशाकडे येऊ. “पैसे घेऊन गेली” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, पहिल्यांदाच मोठ्या रकमा, पेट्रोलपंप, गॅस एजन्सी जाहीर झाल्या आणि त्याबरोबर या वाक्याचा देशभर सुळसुळाट झाला. ते पुन्हा ऐकू आलं जुलै २०२४ मध्ये. सियाचीनमध्ये २०२३ साली मरण पावलेल्या कॅप्टन अंशुमान सिंह यांचं कीर्तिचक्र घ्यायला त्यांची पत्नी आणि आई राष्ट्रपतींसमोर एकत्र उभ्या राहिल्या. काही दिवसांत आईवडिलांनी जाहीर तक्रार केली, की सून पदक घेऊन माहेरी गेली, आणि लग्नानंतर बायकोला निकटची वारस मानण्याचा नियम बदला. मग त्या तरुण बाईबद्दल देशभरातले पुरुष काय काय लिहू लागले! राष्ट्रीय महिला आयोगाला दिल्ली पोलिसांकडे तक्रार करावी लागली. विम्याची रक्कम पत्नी आणि आईवडील यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली होती, हे लष्कराच्या बाजूनं सांगितलं गेलं, पण ते ऐकायला कुणाला सवड नव्हती.

त्या आईचं दुःख खोटं नाही. पोटचा पोर गेलेल्या, स्वतःच्या नावावर काहीही नसलेल्या म्हाताऱ्या बाईला सुनेच्या पेन्शनकडे बघावं लागतं, यात तिचा दोष कसला? कोकणातली घरं मुंबईच्या गिरण्यांतून आणि पलटणीतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर चालली. ती मनिऑर्डर थांबली की आई आणि बायको एकाच ताटात हात घालायला येतात. पण ताट एवढं लहान कुणी ठेवलं? आईवडिलांना आधार द्यायचा असेल तर सरकारनं आपल्या तिजोरीतून वेगळा द्यावा. सुनेच्या वाट्यातून कापून देऊ नये. तिला माहेरी जाण्याचा, शिकण्याचा, पुन्हा संसार मांडण्याचा दंड म्हणून तर मुळीच नाही. सासू-सुनेचं भांडण म्हणून वर्तमानपत्रं जे छापतात, ते एका मालकानं दोन बायांना एकच मजुरी देऊन लावलेलं भांडण आहे.

एकल स्त्रियांबरोबर ज्यांनी काम केलं आहे त्यांना हेही सांगायला नको, की एकरकमी पैसा बाईच्या हातात टिकत नाही. सासऱ्याच्या घराचा स्लॅब, दिराचा ट्रॅक्टर, नणंदेचं लग्न... वर्षभरात तो विरून जातो, आणि तिनं नाही म्हटलं तर ती कृतघ्न. दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यात येणारी पेन्शन वेगळी असते. रक्कम लहान असली तरी ती पुढच्या महिन्यातही येणार, हे सगळ्यांना माहीत असतं. तिला घरात बोलता येतं, ते त्या पासबुकाच्या जोरावर. पेन्शन हा तिचा पगार नव्हे, हक्क आहे, आणि घरातल्या सत्तेची वाटणी थोडी का होईना बदलणारी ही एकच गोष्ट सरकारनं आजवर दिली.

नेमकी तीच अग्निपथ योजनेत काढून घेतली आहे. जून २०२२ मध्ये ही योजना आली. चार वर्षांची नोकरी, आणि मरण आलं तर विमा, सानुग्रह रक्कम, सेवानिधी. मोठ्या आकड्यांची एकरकमी भरपाई. कुटुंब पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला, कर्तव्यावर मरण पावलेला पहिला अग्निवीर. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात अग्निवीर मुरली नाईक मारला गेला. त्याचं मूळ गाव आंध्रात, पण आईबापांनी घाटकोपरच्या वस्तीत राहून कष्टानं त्याला वाढवलेलं. इतर सैनिकांच्या घरच्यांना मिळते ती पेन्शन आम्हाला का नाही, हा प्रश्न घेऊन त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. गोळी लागताना शत्रू विचारत नाही की तू कायम आहेस का चार वर्षांचा. आजवर सरकार बाईला अट घालून पेन्शन देत होतं. आता अट घालायचीही तसदी नको.

कुणी म्हणेल, चांगली उदाहरणंही आहेत. आहेत ना! साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये काश्मीरमध्ये मारले गेले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली होती. मेजर कौस्तुभ राणे २०१८ मध्ये गेले, कनिका राणे २०२० मध्ये अधिकारी झाल्या. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण त्या वाटेला पदवी लागते, मुलाखतीची इंग्रजी लागते, मुलं सांभाळणारं माहेर लागतं. सुभेदाराच्या, नाईकाच्या, शिपायाच्या बायकोनं काय करायचं, जिचं शिक्षण लग्नापायी दहावीला थांबलं? मरण दोघांचं सारखं. पण पुढची वाट नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे. आणि या कहाण्या सांगताना वर्तमानपत्रांना विशेष आवडतं ते हेच, की तिनं पतीचा गणवेश चढवला. पदवी घेऊन तिनं बँकेत नोकरी धरली असती, किंवा दुसरं लग्न करून सुखानं राहिली असती, तर बातमी झाली असती का?

आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेपही मला माहीत आहे. आपण युद्धाच्या विरोधात आहोत, १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर आपण तसं बोललोही, मग लष्कराच्या पेन्शनीची वकिली आपण कशाला करायची? मला यात विसंगती दिसत नाही. खाणीत गाडल्या गेलेल्या मजुराच्या बायकोसाठी आपण भांडतो तेव्हा खाणमालकाची बाजू घेत नाही. उलट, युद्धाची खरी किंमत कुणाच्या अंगावर पडते हे जितकं लख्ख दिसेल, तितकं युद्धाच्या घोषणा देणं अवघड होईल. वीरपत्नी या शब्दाचं काम तीच किंमत झाकण्याचं आहे. तिनं रडायचं नाही, अभिमान वाटतो असं कॅमेऱ्यासमोर म्हणायचं. आणखी एक मुलगा असता तर तोही दिला असता, हे सासूनं म्हणायचं. ज्या बाईनं हे म्हटलं नाही तिची मुलाखत छापत नाहीत.

म्हणून कामाला लागायचं असेल तर जागा पुष्कळ आहेत. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आपल्या तालुक्यातल्या सैनिक विधवांना त्यांचे आजचे हक्क लेखी, मराठीत मिळतात का ते पाहता येईल. पुनर्विवाहानं पेन्शन जाते असं सांगून ज्यांना घरात अडवून ठेवलं आहे, त्यांच्यापर्यंत १९९६ चा आणि २०१७ चा बदल पोचवता येईल. १९७०-८० मध्ये विधवा झालेल्या, आता सत्तरीत असलेल्या बाया अजून आहेत. त्यांचं आयुष्य त्या अटीत गेलं. त्यांना आता हा आदेश वाचून दाखवताना त्या काय म्हणतील, हे ऐकायची तयारी मात्र हवी.

आणि गाव आपल्या हातात आहे. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ते परिपत्रक बऱ्याच ठिकाणी फायलीत पडून आहे. पेण, रोहा, माणगाव या तिन्ही तालुक्यांत घराघरांतून पोरं पोलिसात, सीमा दलात, पलटणीत जातात. येत्या ग्रामसभेत आपल्या गटातल्या बायांनी उठून एवढा ठराव मांडावा: या गावात सैनिकाची पेटी येईल त्या दिवशी त्याच्या बायकोच्या अंगावरचा एकही दागिना, एकही बांगडी कुणी काढणार नाही, मानवंदनेला ती पुढे उभी राहील, आणि पुढच्या हळदीकुंकवाचं पहिलं आमंत्रण तिच्या घरी जाईल. ठरावावर सूचक म्हणून सरपंचाची सही घ्यावी आणि अनुमोदक म्हणून दिराची.